राऊ दे

अकोला, रविवार

प्रिय प्रीतम,

फोन सोडून पत्र काहून, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील. फोनवर तू मधेच म्हणतोस, जाऊ दे ना बे, झालं ते झालं, आणि मी सुटल्यासारखा विषय बदलतो. चार वर्षं आपलं हेच चाललंय. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात घडी घालून माधवीवहिनींच्या हातात देऊ नकोस. आणि मी बोलतो वऱ्हाडी अन् लिहितो पुणेरी, हे तुझं जुनं चिडवणं मला पाठ आहे. मास्तरांनी कान पिळून शिकवलेलं या वयात काय सुटणार?

परवा तुझी आचल येऊन गेली. विद्यापीठातून स्कूटीवर थेट जठारपेठेत, घरामागच्या शेडमध्ये. मला वाटलं, शेतीच्या अभ्यासासाठी खुरपं-बिरपं करून पाहिजे असेल. स्टुलावर बसली, चहा घेतला, आणि म्हणाली, काका, बाबा राजीनामा देऊन राहिले. एक तारखेला आयटीआयमध्ये अर्ज देणार आहेत, लिहून तयार आहे. मी विचारलं, कोणाशी वाजलं का? ती म्हणाली, कोणाशी नाही वाजलं. बाबा म्हणतात, ज्याले एक शब्द नीट समजला नाही, त्यानं दुसऱ्याच्या लेकरांना मशीनवर उभं करू नये. एवढं बोलली आणि रडली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग तिनं सगळंच सांगितलं. तू वर्गात कोणतीही गोष्ट तीनदा विचारतोस. पोरगा म्हणाला, सर, जॉब झाला, तर तू विचारतोस, झाला म्हणजे काय झाला, घासून झाला का मोजून झाला? पोरं मागं तुझी नक्कल करतात. घरी वहिनींनी म्हटलं, मीठ राहू द्या, तर तू चमचा हातात धरून विचारतोस, राहू द्या म्हणजे घालू का नको? आधी त्या हसायच्या, आता हसत नाहीत. आचल म्हणाली, बाबांचा डोळा गेला त्याचं आम्हाला एवढं नाही वाटत काका, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला.

प्रीतम, तुझ्याएवढा चांगला मशीन शिकवणारा माणूस मी अख्ख्या अमरावतीत अन् अकोल्यात पाहिला नाही. तू नोकरी सोडून घरात बसलास तर काय होईल, हे मला चांगलं ठाऊक आहे. तू भिंतीकडे बघत बसशील. ते एक तारखेचं थांबायला पाहिजे आणि ते थांबवणं माझ्याच हातात आहे. म्हणून आज दुपारी शेडला आतून कडी लावून लिहायला बसलो. पण मुद्द्यावर यायला माझी जीभ जड होते, आणि आता कळलं की पेनही होतो.

पाती एकसारखी घासायचं ते यंत्र आपण करायला घेतलं केशवरावांमुळे. वरुडकडचा नर्सरीवाला माणूस, हातात आयुष्यभर संत्र्याची कलमं. जंबेरीच्या खुंटाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, कसा बांधतात, यावर त्यानं आपल्याला तासभर ऐकवलं होतं. मी बनवलेला घडीचा चाकू उघडला, मिटला आणि म्हणाला, बावा, धार झकास, पण पातं हलते. मला राग आला. मी म्हटलं, पातं नाही हालत, तुमचाच हात हालत असन. तू मात्र चाकू घेऊन खिडकीशी गेलास, मायक्रोमीटर लावलास आणि थंडपणे म्हणालास, किशोर, म्हातारा बरोबर आहे. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार भाग हे पातं मुठीतल्या खिळ्याकडे बारीक आहे, म्हणून हलतं. बेल्ट ग्राइंडरच्या फिरत्या खरकागदी पट्ट्यावर हातानं दाबून घासलं की असंच होणार. हाताचा जोर काही सगळीकडे सारखा पडत नाही. दिवसभर मी तुझ्याशी बोललो नाही. संध्याकाळी तूच म्हणालास, सपाट घासणारा सरफेस ग्राइंडर महाग, आपल्याला झेपायचा नाही, तर आपल्या पट्ट्यालाच जोडायचं काहीतरी घरी करू.

मग पावसाळा ते दिवाळी, प्रत्येक रविवारी तू बडनेऱ्याहून गाडी धरून यायचास. भंगारातल्या लेथची सरकपट्टी आणि तिचा डायलवाला स्क्रू आपण रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क फोडून चुंबक काढले. दोन चुंबक टपकन एकमेकांना चिकटले आणि मधे माझी करंगळी. मी अशा काही शिव्या दिल्या की शेजारच्या मैनाबाई भिंतीवरून डोकावल्या, आणि तू हसत हसत खाली बसलास. अॅल्युमिनियमच्या जाड पाटीत खाचा पाडून त्यात चुंबक बसवले. त्या पाटीवर पातं चिकटवायचं, पाटी पट्ट्यासमोर सरकवायची आणि स्क्रू केसाएवढा पुढे घ्यायचा. पहिली दोन पाती निघाली तेव्हा तू ती एकमेकांवर ठेवून खिडकीतल्या उन्हात धरलीस. मधून उजेड जात नव्हता. तू मला मिठी मारलीस, बाप्पा! चौदा एप्रिलला तुमच्या घरी पहिल्या पंगतीत बसलो तेव्हासुद्धा मला इतकं आपलेपण वाटलं नव्हतं.

स्टॉपरची कल्पना तुझीच. चुंबक तापला की त्याची पकड ढिली होते आणि पट्टा तर पात्याला जिवाच्या आकांतानं खाली ओढत असतो. म्हणून पात्याच्या खालच्या टोकाला अडण म्हणून लोखंडाची एक पट्टी, दोन स्क्रूंनी आवळलेली. चुंबक सुटला तरी पातं जागचं हलणार नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं. मी चाकू विकायची घाई असलेला माणूस, तू पोरांचे हात शाबूत ठेवायची सवय असलेला.

त्या रविवारी केशवराव आले होते. अंगणात खाटेवर बसून चहा पीत होते. मला त्यांना दाखवायचं होतं, त्याच दिवशी, त्याच घटकेला, की बघा, आता हलते का पातं. हे माझं खरं दुखणं. एका म्हाताऱ्यानं सहा महिन्यांपूर्वी केलेली टीका मी पोटात घेऊन फिरत होतो. पातं दोन मिलिमीटरपर्यंत उतरवायचं होतं आणि स्टॉपर तेवढाच जाड, तो पट्ट्याला लागला असता. तू तो काढलास, कानशीनं घासून बारीक केलास, परत बसवायला घेतलास. मोटर फिरत होती. एक स्क्रू अर्धा आत, दुसरा तुझ्या मुठीत. तू मान न वळवता ओरडून विचारलंस, किशोर, स्टॉपर? आणि मी ओरडलो, राऊ दे.

तू अर्धा बसलेला स्क्रू काढलास, पट्टी बाजूला ठेवलीस आणि पाटी पुढे घेतलीस. चौथ्या फेरीला पातं सुटलं. खालच्या लोखंडावर आपटून वर उसळलं आणि तुझा गॉगल मधोमध फुटला. तू ओरडलाही नाहीस. फक्त म्हणालास, मोटर बंद कर. त्यानंतर केशवरावांचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. कलमाला डोळा बांधतात हा शब्द कोणी उच्चारला की मी तिथून उठतो. लोकांना वाटतं, किशोरचं डोकं फिरलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी आल्या. डॉक्टरांनी डावा डोळा वाचणार नाही म्हणून सांगून झालं होतं. त्या रडत नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, भाऊजी, तो अडण लावायचा असतो ना, मग तुम्ही त्यांना लावायले नाही सांगतलं? मी म्हणालो, वहिनी, मी तर म्हटलं होतं, राऊ दे. आणि त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, म्हणजे तुम्ही म्हटलं राहू दे तिथंच, आन् यांनी ऐकलं राहू दे, नको लावू. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझा शब्द तर खराच होता ना, प्रीतम? मी तोच शब्द बोललो होतो. एवढ्या एका गोष्टीवर मी चार वर्षं जेवलो आणि झोपलो.

डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर वहिनींनी तुला ते सांगितलं. तू बराच वेळ विचार केलास आणि म्हणालास, हो, माझंच चुकलं. किशोर राहू दे म्हणाला आणि मी उलटं घेतलं, मोटरच्या आवाजात. आयटीआयच्या साहेबांनाही तू हेच लिहून दिलंस. पोलीस आले, त्यांनाही. मला भेटायला बोलावून माझाच हात धरलास आणि म्हणालास, तू मनाला लावून घेऊ नको, तू तर बरोबर सांगितलं होतं. मी तेव्हा तुझ्या खाटेजवळ रडलो. तुला वाटलं, मित्र आहे, म्हणून रडतो.

मी दरवेळी ठरवायचो. बुद्धपौर्णिमेला येईन तेव्हा सांगीन. आचलच्या बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन आलास तेव्हा तर ओठावर आलं होतं. पण तू त्या एका डोळ्यानं मला न्याहाळून म्हणालास, वाळला बे तू, आणि मी पेढा तोंडात टाकला. मी भित्रा आहे. रागीट माणूस शूर असतो असा लोकांचा समज असतो. तो माझ्या बाबतीत साफ खोटा आहे.

आता ऐक. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होतो. एक स्क्रू अर्धा बसलाय, दुसरा मुठीत आहे, हे मला दिसत होतं. त्याच्या दोन मिनिटं आधी मी पाटीला हात लावला होता आणि ती चटका बसण्याइतकी तापलेली होती, हेही मला कळलं होतं. बाहेर केशवराव कप खाली ठेवून उठायच्या बेतात होते. मला तो स्टॉपर नको होता. राऊ दे म्हणजे सोड, वेळ घालवू नको, असंच मी म्हणालो, आणि तू तेच केलंस. त्यात दुसरा अर्थ नव्हताच, तो मी व्हरांड्यात वहिनींच्या तोंडून ऐकला आणि त्याच्या आड दडून बसलो. तो राजीनामा फाड. पोलिसांना, तुझ्या साहेबांना, वहिनींना, ज्याला सांगायचं त्याला हे पत्र दाखव, मी कुठंही येऊन हेच सांगीन. मला माफ कर असं लिहायला तोंड नाही. आचलला मी अजून काही बोललो नाही, ते तू सांग. पण त्याआधी पोरांसमोर उभा राहा आणि एकदाच विचार, तीनदा नको. तू बरोबर ऐकलं होतंस.

तुझाच म्हणवून घ्यायला आता तुझी परवानगी लागेल,
किशोर