बटण दाबायला उशीर झाला तेव्हा

बाबा, लेकीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही पाटीवर लिहून बोलता, असं आईने कळवलं. हात दुखतो का?

रेडिओ केंद्राने तुमच्या निवेदनाच्या टेप पुसल्या, पण मी शाळेत असताना रेडिओवरची गाणी भरलेल्या कॅसेट इथे आणलेल्या ट्रंकेत सापडल्या. गाणं संपलं की तुम्ही बोलायच्या आत मी रेकॉर्डिंग बंद करायचे. तरी कुठे कुठे हात चुकलाय, त्यामुळे तुमची सतरा अर्धी वाक्यं मिळाली.

एक मात्र पूर्ण आहे: "आमचा आवाज कापणाऱ्या कन्येने आता अभ्यासाला बसावं!" लगेच खट्!

आईला गल्लीभर फिरून सगळ्यांच्या अशा कॅसेट मागून ठेवायला लावा; त्यांचाही हात कुठेतरी चुकला असेल. सुट्टीत येऊन एकूण एक ऐकणार आहे. आता बटणाला हात लावणार नाही.

तुमचीच,
आवाज कापणारी