वीसच्या वीस हो

वहिनी, आधी घरात शिरली ती वजनकाट्याची पिशवी, मग आमच्या नेहमीच्या नर्सबाई, आणि त्यांच्यामागून एक नवीन, कोवळीशी आरोग्यसेविका, छातीशी कागद धरून. (नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घ्या. गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसती कपाटात ठेवता?) आम्ही सगळे ठीक. नात पावणेदोन वर्षांची झाली. बोलत नाही अजून, पण डब्यांची झाकणं अशी गरगर फिरवते की बघत राहावं.

सूनबाई सहा महिने मागे लागली होती, हाक मारली तर ही वळत नाही म्हणून. मी म्हणायची, अगं, तुझा नवरा चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आता गप्प बसवावा लागतो. नर्सबाईंचंही तेच मत. पण नवी म्हणाली, "बाई, परवाच्या प्रशिक्षणात सांगितलंय, वाट बघत बसायचं नाही. वीस प्रश्न आहेत, विचारून टाकू." नर्सबाईंनी नाक मुरडलं, पण बसल्या.

आता प्रश्न म्हटले की परीक्षाच. मी चौथी नापास. म्हटलं, नातीच्या नावावर तरी पैकीच्या पैकी मिळवू. सूनबाईला पाणी आणायला पिटाळलं आणि सुरू झाले. बोटाने दाखवते? हो. खोटं-खोटं खेळते? हो. आपण हसलो की हसते? हो हो! वीसच्या वीस हो. तर ती पोर गालात हसून म्हणते, "आजी, मधले तीन प्रश्न उलटे होते. हिला ऐकू येत नसेल असं कधी वाटलं का, त्यालाही हो म्हणालात."

वहिनी, चुकून गेलं म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघूनच गेलं, "वाटलं, बाई." मागच्या महिन्यात तिच्या पाठीमागे मीच परात आपटून पाहिली होती. शेजारीण धावत आली, नात झाकण फिरवतच राहिली. कोणाला बोलले नाही. आणि दारात सूनबाई, हातात तांब्या. (सगळं ऐकलं तिने.)

मग कागद पहिल्यापासून. या वेळी उत्तरं तिची, मी ओठ शिवून. शेवटी पोर म्हणाली, ही नुसती चाळणी आहे. ऑटिझम आहे की नाही ते मोठे डॉक्टर बघतील, कानही तपासू, पण तोवर थांबायचं नाही, हिच्याशी हिच्या कलाने खेळायला आजच लागू. आणि फतकल मारून बसली नातीशेजारी, स्वतःही एक झाकण फिरवत. बऱ्याच वेळाने आमच्या बाईसाहेबांनी आपल्याजवळचं दुसरं झाकण तिच्याकडे सरकवलं. परक्या बाईला, स्वतःचं झाकण! मी टाळ्याच पिटल्या. सूनबाई रडता रडता हसली, आणि नर्सबाई हळूच म्हणाल्या, "तो कागद मलाही एक दे गं."

तुमची नणंद

ता.क. सूनबाईला "तुझंच खरं होतं" एवढंच म्हणायचंय, पण जीभ रेटत नाही. तुम्ही या. तुमच्यासमोर मला मागे फिरता येत नाही.

आणखी ता.क. तुमच्या धाकट्या नातवालाही घेऊन या, दीड वर्षाचा झाला ना? आपल्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात, हे मला ऐकवू नका. ते वाक्य माझंच आहे. नर्सबाई आणि ती पोर येत्या गुरुवारी, सकाळी दहाला येतो म्हणाल्यात.