मोकळ्या हवेत एक तास

कोल्हापूर,
२८ ऑक्टोबर २०२५

दीपाअक्का,

बंगळूरला तुम्ही दोघं ठीक असाल. फराळाचा डबा मिळाला. एकही चकली मोडली नव्हती. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू विषय बदलतेस आणि मी बदलू देते, म्हणून लिहितेय.

आधी आण्णांच्या तब्येतीचं. जूनमध्ये छातीत धडधड आणि झोप नाही म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताण आहे, रोज एक तास मोकळ्या हवेत न्या. साठ वर्षं शेतात काढलेल्या माणसाला. बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, "मोकळी हवा औषध हाय व्हय? मग आजवर मी काय गिळत हुतो?"

तेव्हापासून प्रयोगशाळेतून सुटले की मी त्यांना रंकाळ्याजवळच्या बागेत नेते. निघताना आणि परतल्यावर नाडी मोजते. पहिले तीन आठवडे ८८ आणि ८६. दिवसभर मी दुसऱ्यांची मोजमापाची यंत्रं तपासते. एवढा फरक मी यंत्राच्या चुकीत धरते. ते बाकावर हात मांडीवर ठेवून बसायचे, परक्या घरी बसल्यासारखे.

मग एक दिवस उठून हिरवळीत बसले आणि उपटायला लागले. वॉचमन ज्ञानू धावत आला.

"ओ पावणं! काय उपटायलाय?"

"तण."

"लॉन हाय ते, म्हापालिकेचं!"

"निम्मा लव्हाळा हाय. म्हापालिकेला दिसंना व्हय?"

ज्ञानू हसला. दुसऱ्या दिवशी त्यानेच खुरपं आणून दिलं. त्या संध्याकाळी नाडी ७४. आता झोपही लागते.

हे झालं. आता जे फोनवर होत नाही ते.

बागेतून परतताना आण्णा विचारतात, "ऐशू, ऊस किती कांड्यांवर आलाय गं?" फेब्रुवारीत, आई गेल्यावर, आपण त्यांना इकडे आणलं तेव्हा सहा होत्या. मी महिन्याला तीन धरून सांगत आले. अठरा. एकवीस. आता तीस. हिशेब बरोबर आहे. ऊस नाही. जमीन विकली आणि एप्रिलमध्येच तिथे जेसीबी फिरला, प्लॉट पडले. आण्णांना वाटतं, वाट्याने दिलीय.

कुलमुखत्यारपत्रावर सही करताना त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. "कशाचा कागद?" एवढंच विचारलं. तू खिडकीकडे बघत होतीस. मी म्हणाले, "वाट्याचा."

शेती बघणारं कोणी नव्हतं, दोघींनी मिळून ठरवलं होतं, हे खरंच आहे. पण कागद माझ्या हातात होता, म्हणून त्यांनी वाचला नाही.

काल म्हणाले, "कारखाना सुरू हुईल आता. तोड आली की मी फडात पायजे. बरं वाटतंय की मला." मी डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणतील या आशेने. ते म्हणाले, उत्तम, जरूर न्या. मला दुसरं कारण सुचलं नाही.

रविवारी सकाळी सातच्या गडहिंग्लज एसटीने निघतोय. त्यांनी पिशवी आजच भरली. गाडीत सांगायचं की बांधावर, हे ठरत नाही. बांधही राहिलेला नाही.

'जमलं तर ये' असं लिहून खोडलंय. ये. आलीस म्हणून काही बदलणार नाही, हे मला कळतं. पण ते बघतील तेव्हा त्यांच्या शेजारी मला एकटीला उभं राहवणार नाही.

रविवारपर्यंत आण्णांची लाडकी,
ऐश्वर्या