मधयंत्राची वही

गोर्नी डोल,
१२ ऑक्टोबर

प्रिय विन्को,

समुद्राच्या हवेने तुझे सांधे सुधारले असतील अशी आशा करतो. इकडे माझे बिघडलेलेच आहेत, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे आहे. तुझ्या लेकीला, दार्याला, आणि तिच्या पोरांना माझा नमस्कार सांग. तिने पाठवलेले सुके अंजीर पोचले. अर्धे मी खाल्ले, अर्धे बोगोमिरने. दोन मिनिटं बसतो म्हणाला आणि पिशवी रिकामी करून उठला.

अकरा वाजेपर्यंत समोरचं कुंपण दिसत नाही असं धुकं पडतंय. यंदा अळंबी उदंड आली, पण वाकून काढायला कंबर कोणाची आणू? मधमाशा थंडीसाठी बंद केल्या. पाक पाजला, पेट्यांच्या मागे चिंध्यांच्या गाद्या कोंबल्या. सहा पेट्यांना मला दोन दिवस लागले. माझी रेझ्का असती तर दुपारच्या जेवणापर्यंत उरकलं असतं आणि वर तिची बोलणी फुकट ऐकायला मिळाली असती.

आपल्या मधपाळ मंडळाचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. आपली म्हातारी, मंडळाचं जुनं मधयंत्र, बंबखान्याच्या मागच्या खोलीत उभी आहे. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये ती आतून बाहेरून जाळून-धुऊन दिली, त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. मेणपत्रे छापायचा रोलरही तिथेच. पूर्वी एकाची सुरी दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचं धुराडं तिसऱ्याकडे असायचं, आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे विसरायला व्हायचं. आता स्लाव्काने स्वतःचं मधयंत्र आणलंय. प्लास्टिकचं आहे, फिरवलं की अंगणभर नाचतं. परवा मी तिच्याकडे पोलादी पटाशी मागितली तर म्हणाली, "आल्बिनकाका, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण आता मी कोणालाच देत नाही हो." मीही आग्रह केला नाही.

मंडळाचा अध्यक्ष म्हणून बोगोमिरचं म्हणणं असं की तुझ्या जागी मी हत्यारांची जबाबदारी घ्यावी. किल्ली, वही, सगळं. "विन्कोनंतर लोकांचा विश्वास फक्त तुझ्यावर आहे," म्हणाला. विचार करतो म्हटलं.

तुला आणखी एक लिहायचं होतं, पण आता बोटं आखडली. पुढच्या वेळी.

तुझा,
आल्बिन


गोर्नी डोल,
३ नोव्हेंबर

प्रिय विन्को,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू बरा आहेस हे वाचून बरं वाटलं, बाकीचं वाचून मात्र नाही.

काल मृतात्म्यांच्या दिवशी तुझ्या आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, पानं झाडली. तुझ्या वडिलांच्या दगडावर शेवाळ चढलंय, ते वसंतात घासून काढीन. रेझ्काच्या थडग्यावर पांढरी शेवंती ठेवली. तिला पिवळी आवडायची, पण पिवळी संपली होती. तिथे जास्त वेळ बसलो नाही. हल्ली तिच्यासमोर बसवत नाही.

आता तू जे लिहिलंस त्याबद्दल. "चर्चच्या पेअरच्या झाडावर लटकलेला माशांचा तो थवा मी धरायलाच नको होता. कुठला होता देव जाणे. स्लाव्का म्हणाली ते खरंच होतं, आल्बिन. फुकटचा थवा पाहून मला हाव सुटली आणि रोग मीच घरात आणला." असं तू लिहिलंस. हेही लिहिलंस की अजून सकाळी पाचला जाग येते आणि एकोणीस पेट्या मोजून झाल्या की मग आठवतं, त्या जाळल्या.

विन्को, तो थवा निरोगी होता. तुझी काही चूक झालेली नाही. हे मला कसं माहीत असं विचारशील, तर ते आज लिहीत नाही.

त्याऐवजी जूनचं आठवतं ते लिहितो. तू हातगाडी घेऊन म्हातारीला न्यायला आला होतास. मी फाटकात उभा होतो. तू वाकून तिच्या पिंपात डोकं घातलंस आणि आतूनच ओरडलास, "धुतली का रे नीट? की नुसतं पाणी दाखवलंस?"

"तुझ्यासारखी नाही धुतली," मी म्हणालो.

"माझ्यासारखी धुणारा अजून जन्मायचाय!" मग डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलंस आणि हसू आवरलंस. "जेवलास का आज? तोंड बघ कसं झालंय. संध्याकाळी ये, कुट्टूचा सांजा केलाय, वर ताक आहे."

मी आलो होतो. दोन वाट्या खाल्ल्या होत्या. तू मला तिसरी वाढलीस.

आज इतकंच पुरे कर.

आल्बिन


गोर्नी डोल,
८ डिसेंबर

विन्को,

या वेळी तब्येतीचं विचारत नाही. पत्र वाचून झाल्यावर तुला वाटलं तर कळव, नाही वाटलं तर नको.

काल आपल्या माशीवाल्यांच्या संत आंब्रोजचा दिवस झाला. सकाळी प्रार्थना, मग बंबखान्यात मंडळाची बैठक, दरवर्षीप्रमाणे. आलो आम्ही अकराजण. पाद्रीबाबांनी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला, स्लाव्काने अक्रोडाची गुंडाळपोळी आणली होती. मग बोगोमिर उठला आणि मला न विचारता किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली. वही ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेअरची दारू फिरली. कोणीतरी म्हणालं, "आता परत देणंघेणं सुरू करू या, आल्बिन आहे म्हटल्यावर काळजी नाही." स्लाव्कासुद्धा म्हणाली की तिचं प्लास्टिकचं यंत्र तडकलंय, वसंतात म्हातारीसाठी नाव लावते.

मी वही उघडली. ती तुझी वही आहे, तूच आखलेली. तारीख, नाव आणि शेवटच्या रकान्यात ज्याने वापरली त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, 'उकळत्या सोड्याने धुतली'. किती हसलो होतो आम्ही तुला त्या रकान्यावरून! शाळामास्तर म्हणायचो. चौदा जूनच्या ओळीत माझं अक्षर होतं. त्याखालची ओळ तुझी, आणि तुझ्यानंतर कोणाचीच नाही.

आता सांगतो. फार दमलोय मी हे बाळगून.

तेरा जूनला मी मध काढायला बसलो. रेझ्काला जाऊन तीन महिने झाले होते. सातही पेट्यांच्या चौकटी दुपारपर्यंत म्हातारीत फिरवून झाल्या. मग मोकळ्या चौकटी परत ठेवताना शेवटच्या पेटीत खाली अळ्यांच्या घरांची काही टोपणं आत बसलेली दिसली. काळपट, भोक पडलेली. वास कुजल्यासारखा. काडी घातली आणि हळूच ओढली. तपकिरी तार आली, बोटभर लांब, तुटेना. दुसऱ्या घरात घातली, तिथेही तेच. तूच शिकवलंस मला ते, चाळीस वर्षांपूर्वी. अळ्यांची सड.

मला कळलं होतं, विन्को. शंका नव्हती. त्याच दिवशी सरकारी डॉक्टरांना कळवायचं असतं, हेही माहीत होतं. पण कळवलं असतं तर ते आले असते आणि पेट्यांचं सगळंच्या सगळं खोपटं जळून खड्ड्यात गेलं असतं. रेझ्काने रंगवलेल्या दर्शनी फळ्यांसकट. त्यातल्या एका फळीवर अस्वल शिकाऱ्याला खांद्यावर घेऊन निघालंय, आणि त्या शिकाऱ्याला तिने माझं नाक काढलंय. तीन महिन्यांत मी तिचे कपडे दिले, खाट दिली. तेवढं मला द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, एकही माशी बाहेर पडायच्या आत, मी ती पेटी बंद केली, परसातल्या चुन्याच्या खड्ड्यात नेली आणि जाळली. एकच. आतून आवाज येत होता तोवर तिथेच उभा राहिलो. मग राख बुजवून आत आलो.

आणि म्हातारी धुवायची राहिली होती. तीन हंडे पाणी उकळायचं, सोडा घालायचा, हातमोजे घालून घासायचं, ओतायचं, परत उकळायचं. ते काम मी रेझ्काशिवाय कधी केलंच नव्हतं. ती हंडा धरायची, मी घासायचो. मी एक हंडा चुलीपर्यंत नेला आणि खुर्चीवर बसलो. उठलो तेव्हा नऊ वाजले होते आणि तू दहाला येणार होतास. बाहेरच्या नळाची नळी घेतली आणि थंड पाणी ओतलं. वरून चकचकीत दिसली. मग म्हातारीबरोबर आलेली वही उघडून लिहिलं, 'उकळत्या सोड्याने धुतली'.

फाटकात तू विचारलंस तेव्हा एक वाक्य पुरे होतं. 'तूच एकदा धू रे, माझ्याने झालं नाही.' तू काही न विचारता धुतली असतीस, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, तू म्हणशील, का झालं नाही? मग माझ्या तोंडाकडे पाहशील आणि तुला सगळं कळेल. म्हणून विनोद केला. तू माझ्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवलास आणि तुझ्या एकोणीस पेट्यांच्या चौकटी माझ्या घाणीत फिरवल्यास.

ऑगस्टमध्ये डॉक्टर पेट्यांची यादी घेऊन घरोघर फिरले तेव्हा तू त्यांच्याबरोबर होतास, कारण यादी तुझी होती. तुझ्या पेट्यांचा खड्डा आदल्याच दिवशी पेटला होता. डोळे सुजलेले होते तुझे. डॉक्टरांनी माझ्याकडची मोकळी जागा पाहून विचारलं, "इथली सातवी कुठे गेली?" मी म्हणालो, हिवाळा संपता संपता वारली. आपण माशांना मेल्या म्हणत नाही, तेही मी खोटं बोलताना विसरलो नाही. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "रेझ्काच्या मागोमाग गेली असेल रे."

तो हात अजून खांद्यावर आहे.

त्यानंतरच्या बैठकीत स्लाव्का तुला सगळ्यांदेखत म्हणाली, "फुकट मिळतंय म्हणून कुठलाही थवा उचलायचा, आणि आम्हाला मात्र सोड्याचे धडे द्यायचे!" तू मान खाली घालून बसलास. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. मी ग्लासात बघत बसलो. महिन्याने तू घराला कुलूप लावलंस आणि दार्याकडे गेलास, आणि तुझी पेटारी गाडीत चढवायला मीच आलो होतो.

काल टाळ्या थांबल्यावर मी वही मिटून बगलेत मारली. किल्ली खिशात घालून घरी आलो. आज सकाळी मात्र बोगोमिरकडे गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तो दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. वस्तरा टॉवेलला पुसला. मग म्हणाला, "विन्कोला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलास, गाढवा? जा. आधी त्याला लिही. पत्र टाकलंस की परत ये, आणि मला पहिल्यापासून सांग. तोवर मी काही ऐकलेलं नाही." दार लावता लावता पुन्हा उघडलं. "आणि किल्ली, वही ठेव इथे."

ठेवली. हे पत्र टाकून परत त्याच्याकडे जातो, तिथून सरकारी डॉक्टरांना फोन करतो. सहा पेट्या उरल्यात. त्यांनी निरोगी म्हटल्या होत्या, पण एक मी लपवली होती म्हटल्यावर त्यांचं काय करायचं ते तेच ठरवतील. अस्वलाची फळी गेली तर जाईल. स्लाव्कालाही सगळ्यांसमोर सांगणार आहे, म्हणजे तिने तुला जे म्हटलं ते तिला माझ्या तोंडावर म्हणता येईल.

माफ कर असं लिहायला बसलो आणि खोडलं. एकोणीस पेट्या, तुझ्या वडिलांच्या हातच्या फळ्या, आणि पहाटे पाचची तुझी झोप मी नेली. त्यातलं मला काही परत करता येत नाही. एवढं मात्र कर. उद्या पाचला जाग आली की त्या थव्याचं नाव घेऊ नकोस. माझं घे.

वही बोगोमिरकडे आहे. द्यायच्या आधी त्याच्याच पेनने मी माझी ओळ दुरुस्त केली. शेवटच्या रकान्यात जागा कमी होती म्हणून समासात लिहावं लागलं. तिथे जे लिहिलं तेच इथे लिहितो, आणि त्याखाली तीच सही करतो.

१४ जून. म्हातारी धुतली नव्हती. रोग माझ्या पेटीतला होता, मला माहीत होता, आणि मी तशीच विन्कोच्या हातात दिली.
आल्बिन कोझोले