बिडाचं पातेलं आणि बिनराजम्याची चिली

मी, नंदा मनोहर सबनीस, वय एकसष्ट, राहणार बुकित पंजांग, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने शरीर पोखरलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंना दिवाळीचं विचारलं तर त्यांनी विषय बदलला. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहता फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने माझ्यामागे कायद्यानेच माझे पती मनोहर यांचा होतो. यात मला कुणी विचारलेलं नाही. एरवी तरी कधी विचारलं होतं!

२. सोन्याच्या पाटल्या माझी भाची राधिका हिला. केमोला प्रत्येक वेळी तीच सोबत आली. तिने त्या मोडून मजा केली तरी माझी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. बिडाचं मोठं पातेलं माझा एकुलता एक मुलगा अनीश, राहणार ह्यूस्टन, याला. टेक्सासला शिकायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत हे धूड सामानातून घेऊन आला. इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "आई, आज तू बस लाह, मी कुक करतो." सुक्या मिरच्या भाजून, भिजवून वाटल्या, मांसाचे तुकडे खरपूस परतले, जिरं घातलं आणि अख्खी दुपार मंद आचेवर शिजवलं. राजमा घातला की ती टेक्सासची चिलीच नाही, असं मला दटावलंनही.

मांस बीफचं होतं. तांजोंग पगारच्या ऑफिस पार्टीत बापाला स्टेक खाताना पोराने पाहिलं होतं, म्हणून घरीही चालेल असं त्याला वाटलं. मनोहर यांनी सगळी चिली कचऱ्याच्या चूटमध्ये, म्हणजे भिंतीतून थेट तळाशी जाणाऱ्या नळकांड्यात, ओतली आणि शेगडी गंगाजलाने पुसली. अनीश त्याच संध्याकाळी निघून गेला. तो परत आलेला नाही.

४. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला मी तीच चिली मटणाची करते. मनोहर दोन वाट्या चाटूनपुसून खातात, मीठ कमी आहे म्हणतात आणि मुलाचं नाव काढत नाहीत. त्याबद्दलचा माझा राग मी कुणाच्या नावे करत नाही, बरोबर नेते.

आजाराचं कळवलं तेव्हा अनीश म्हणाला, "आय ट्राय लाह, आई. सी हाऊ." म्हणजे, बघू कसं जमतं. मी त्याला जन्म दिला आहे. तो येणार नाही. मला त्याला एकदा डोळे भरून बघायचं होतं.

५. माझ्या तेराव्याला गोडधोड नको. मनोहर यांनी स्वतः, याच पातेल्यात, बीफची चिली करावी. प्रमाण मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. अनीशला फोन करून विचारावं लागेल. पातेलं कुठे पाठवायचं, तेही तेव्हाच विचारावं.

ते फोन करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग पातेलं टाकून द्यावं. चूटच्या झडपेत ते मावत नाही, तेव्हा लिफ्टने खाली त्यांनाच उचलून न्यावं लागेल. ते फार जड आहे.

सही: नंदा मनोहर सबनीस

आम्हा दोघांसमक्ष नंदाताईंनी वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:
सविता कर्णिक, शेजारी
यशोधन कर्णिक, शेजारी

बुकित पंजांग, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५