बाहेर उघडणारं दार

४ मे, सोमवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दुपारी रस्त्यावर डांबर टाकायला माणसं आली. मुकादम दारात येऊन म्हणाला, "ताई, दार लावून घ्या, धूर आत येईल." काय गोड बोलला! मी दार लावलं. वर खिडकीच्या गजांतून त्यांना पाण्याच्या बाटल्याही दिल्या. संध्याकाळी दूध आणायला निघाले तर दार हलेना. ढकललं, खांदा लावला, शिव्या घातल्या — ढिम्म!

आमचं दार बाहेर उघडतं. बाहेरची खोली एवढीशी, आत उघडलं तर खाटेवर आपटेल, म्हणून सासऱ्यांनीच ते तसं बसवून घेतलं होतं. आता त्याच्यासमोर डांबराचा थर, दाराच्या बुडाहून उंच. पूर्वी या दाराला उतरायला दोन पायऱ्या होत्या. आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीला गज नाहीत, नशीब. स्टुलावर चढून मागच्या बोळात उतरले. या वयात! साडी फाटली ती फाटलीच. हे खाटेवरून बघत होते. झटका आल्यापासून ह्यांना धड बोलता येत नाही, पण हसता येतं. हसले. मग मलाही हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू.

५ मे

सुतार आला. दाराकडे बघून त्यानेच डोक्याला हात लावला. "मावशी, गेल्या वर्षी तासलं, त्याच्या आदल्या वर्षी तासलं. आता तासायला लाकूड उरलंय कुठं?"

मी म्हटलं, उलटं बसव, आत उघडू दे, खाट हलवू. तर म्हणे, "चौकटीला मी हात लावत नाही. सगळी आवळून बसलीय." कामचुकार मेला! शेवटी छिन्नीने डांबराची कड फोडून दिली. दार वीतभर उघडतं. मी पोट आत ओढून, अंग तिरकं करून बाहेर पडते. ह्यांना काठी धरून, एका बाजूला मला धरून निघावं लागतं. ह्यांचं काय?

८ मे

व्यायाम शिकवायला येतात त्या बाई कशाबशा फटीतून आत आल्या. ह्यांचा पाय वाकवून बघितला. जाताना हळूच म्हणाल्या, "खोलीत चार पावलं टाकून भागणार नाही. रस्त्यावर चालवा, रोज. एकदा पाय आखडला की पुन्हा सुटायचा नाही."

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत पोचले होते हे. खांबाला हात लावून अशा ऐटीत वळायचे!

११ मे, सोमवार

वॉर्ड ऑफिस. रस्त्यांचे इंजिनिअर. प्रत्येक वाक्याला "बघतो" म्हणतात, म्हणून मी त्यांचं नाव बघतोसाहेब ठेवलं.

"दरवर्षी थरावर थर चढवता तुम्ही," मी म्हटलं. "आमचं घर विहीर झालंय."

"दरवर्षी? ताई, तुमच्या गल्लीत चार वर्षांनी काम झालं."

"कागदावर नसेल झालं!"

"आणि समोरच्या घरांच्या पायऱ्या तशाच आहेत की."

असणारच! समोर नगरसेवकाची मावशी राहते. तिच्या दाराशी रस्ता उतरता ठेवला असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तसं स्पष्ट बोलले. साहेब म्हणाले, "रस्ता सरळ आहे हो. बरं, बघतो."

१२ मे

फोन. फोन. फोन. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना "कृपया प्रतीक्षा करा" म्हटलं. आता ही पोरं मला म्हणतात. एकाने पाणी खात्याकडे टोलवलं, पाणीवाल्याने रस्तेवाल्याकडे. रस्तेवाला म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. दुपारी चारला!

१४ मे

लेकीचा फोन. "आई, पुढच्या रविवारपर्यंत दार नीट झालं नाही तर मी गाडी घेऊन येते. बाबांना सुतार लावून बाहेर काढीन, पण तिथे ठेवणार नाही." तिचं घर बाराव्या मजल्यावर. चांगलं आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. जावई सोन्यासारखा.

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी जेवलेही नाहीत. त्या बाराव्या मजल्यावर हा माणूस आठ दिवसांत विझेल. मला माहीत आहे. लेकीला कसं पटवू? तिचंही चूक नाही.

१५ मे

दिवसभर घरात. फटीतून रस्त्याची एक पट्टी दिसते. चाकं जातात, चपला जातात. ह्यांनी आज काठी मागितलीच नाही. मी आणून हातात दिली तर परत खाटेखाली सरकवली.

१६ मे, शनिवार

नाक दाबलं की तोंड उघडतं!

आज रस्त्याचं उद्घाटन. डांबर टाकून वाळलं, आता वरातीमागून घोडं. नगरसेवक आला, फीत बांधली ती बरोबर आमच्या दारासमोर. माईक, फोटोवाला, समोरची मावशी नवी साडी नेसून. तो म्हणाला, "आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घराला —" आणि मी दाराच्या फटीतून तोंड बाहेर काढून एक्स्चेंजच्या आवाजात म्हटलं, "कृपया प्रतीक्षा करा!"

माईकपेक्षा मोठा आवाज. सगळे वळले. मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, बरं दिसणार नाही. शेवटी म्हटलं, "मतं मागायला आलात तेव्हा या दारातून आत आला होतात. आता येऊन दाखवा!" फोटोवाला फटीतल्या तोंडाचे फोटो काढत सुटला. नगरसेवकाच्या हातातली कात्री हातातच. आत हे खाटेवर बसून काठीने जमिनीवर टाळ्या वाजवत होते!

१८ मे

फोटो छापून आला. काय अवतार दिसतेय! पण सकाळी दहाच्या आत बघतोसाहेब हजर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या थराचा काही दोष नाही, पण वरून आदेश आहे. खरवडून देतो."

२० मे

मशीन आलं. गल्लीच्या आमच्या बाजूचं सगळं डांबर खरवडलं, पार जुनी खडी उघडी पडेपर्यंत. घर नुसतं थरथरत होतं, फळीवरचे डबे नाचत होते. नाचू देत! दुपारी मी दार ढकललं आणि ते उघडलं. अख्खं उघडलं! थोडं घासलं खाली, पण उघडलं.

समोरची मावशी आपल्या पायरीवरून बघत होती. मी काही बोलणार त्याआधी तीच म्हणाली, "चला, भाऊजी सुटले एकदाचे." वाईट बाई नाही ती. मीच तोंडाळ.

२१ मे

हे बाहेर आले. खडीवर काठी अडखळली, पण आले. खांबाच्या अलीकडेच दमले. तरी आले!

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "फोटो पाठव." पाठवला. उत्तर आलं — "राहा बाई तिथेच."

२७ मे

खांब! हात लावला, ऐटीत वळले. आणि बोलले. "उद्या... पुढे." दोन शब्द, पण स्पष्ट. मला रस्त्यातच रडू फुटलं. आता रोज पहाटे स्वतःच शर्ट घालून बसतात. मी चहा ठेवेपर्यंत काठी आपटतात. या घराचा, या दाराचा किती राग राग केला मी! आज वाटतं, मेले तर याच दारातून जावं.

३१ मे

दार जरा जड जातंय. तेल घातलं.

२ जून, मंगळवार

दार अडकलं. खिडकीतून उतरून, वळसा घालून पुढे आले. रस्त्याला कोणी हात लावलेला नाही. तीच उघडी खडी, मशीनचे तेच ओरखडे. कोणी काही टाकलेलं नाही. आणि दाराचं बूड त्या खडीच्याही खाली गेलंय.

रस्ता वर येतच नव्हता. घर खाली जातंय.

हे शर्ट घालून बसलेत. आतून काठी आपटतायत.