शून्य खर्चाचा महिना

ती. मावशीस,

तुझे पाय फार लांब राहिले, म्हणून इथूनच वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? काकांचा खोकला, दुकान आणि स्वभाव (याच क्रमाने) कसे आहेत? माझी तब्येत उत्तम असावी. खात्रीने सांगत नाही, कारण हल्ली विचारणारंच कोणी नाही.

पत्र हाताने लिहिलेलं पाहून तुला नवल वाटेल. तुला तीन ईमेल पाठवले होते. तुझं उत्तर येईना, म्हणून काल 'पाठवलेले' उघडून पाहिलं, तर तिथे एकही नाही. असो.

तर आपली पैज. निघायच्या आदल्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, की लॅपटॉप मांडीवर घेऊन देशोदेशी फिरणारा बैरागी व्हायला निघालायस खरा, पण महिन्याला साठ हजारांत राहून दाखव. सहा महिन्यांत एकदा जरी आकडा ओलांडलास तर गपचूप परत यायचं आणि काकांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसायचं. आणि मी तोंडावर आपटलो असतोच गं. पहिल्या महिन्याच्या वीस तारखेलाच एकावन्न हजार उडाले होते. मग मात्र तुझा भाचा शोभलो. एका दुपारी खर्चाचा तक्ता उघडून बसलो आणि वरपासून खालपर्यंत कात्री चालवली. भाड्याचं टेबल घेऊन काम करायची जागा (जिथे माझ्यासारखे दहा-बारा लॅपटॉपवाले बसून एकमेकांना 'तुम्ही कुठले?' विचारत असतात) बंद, काम खोलीतच. कोपऱ्यावरची कॉफी बंद. न्हावी बंद, आरशात बघून मीच केस कापले (मागची बाजू विचारू नकोस). बस बंद, देवाने तंगड्या दिल्यात. इथली भाषा शिकवणाऱ्या बाईंची रविवारची शिकवणी बंद, कारण बोलायला कोणी उरलंच नव्हतं. दुसरा महिना अडतीस हजारांत बसवला! काय ऐट आली म्हणून सांगू, दिवसभर एकटाच शीळ घालत होतो.

तिसऱ्या महिन्यापासून मी कात्री लावायचा थांबलो, पण आकडा थांबेना. तो आपला आपणच उतरत गेला. पाववाल्याकडे पाव घेऊन गल्ल्यापाशी उभा राहिलो, तर त्याने माझ्या मागच्याला दिलं-घेतलं, त्याच्या मागच्याला दिलं-घेतलं, फडक्याने फळी पुसली आणि माझ्याकडे ढुंकून न बघता आत गेला. मी पैसे फळीवर ठेवून आलो (आपल्या घरात फुकटचं खायची रीत नाही). दुसऱ्या दिवशी ते तिथेच, पावाच्या चुऱ्याबरोबर बाजूला सारलेले. विजेचं बिल शून्य आलं. दिवा लावून, पंखा फिरवून मी मीटरपाशी पंधरा मिनिटं उभा राहिलो. आकडा हलला नाही. घरमालकीण म्हणजे एक तारखेला घड्याळ लावून दार ठोठावणारी बाई, तीही फिरकली नाही. शेवटी मीच भाडं घेऊन गेलो. ती कुंड्यांना पाणी घालत होती. मी खाकरलो, तशी तिने दंड चोळले आणि खिडकी लावून घेतली.

मागच्या आठवड्यात ती खोली दाखवायला एका नर्सबाईंना घेऊन आली. मी खुर्चीतच बसलो होतो, समोर लॅपटॉप चालू. मालकिणीने कपाट उघडलं, माझे शर्ट बघून 'आधीचा कोणी विसरून गेला वाटतं' म्हणाली आणि ते एका पिशवीत कोंबले. मी ओरडलो, हात जोडले, शिकवणीत शिकलेली चारही वाक्यं म्हणून दाखवली (समजतं बरंच, बोलता येतात ती चारच). नर्सबाई एवढंच म्हणाल्या, की खोली छान आहे, पण जरा गार वाटते. आता त्या पलंगावर झोपतात आणि मी खुर्चीत (परक्या बाईमाणसाच्या खोलीत राहायचं तर काही मर्यादा पाळायला हवी). रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तर तुम्ही सगळे समोर होतात. काका म्हणाले, नुसती खुर्चीच दिसतेय, पोरगं कुठे उलथलं? मी कॅमेऱ्यापुढे दोन्ही हात हलवत होतो. तू म्हणालीस, कामात असेल, ठेवा फोन. मावशी, इतक्या जोरात तुला मी जन्मात हाक मारली नव्हती. मला भीती वाटते गं. आरशात मी दिसतो अजून, पण सकाळी जरा उशीर लागतो.

ते असो. पाचव्या महिन्याचा एकूण खर्च: शून्य. पैज जिंकायला एकच महिना उरलाय, तेव्हा काकांना सांग, दुकानात दुसरा माणूस बघा.

तुझा,
काटकसरी भाचा

ता. क. : दुसरा माणूस बघू नका. मी हरलो. आकडा ओलांडला असं सगळ्यांना सांग, वाटेल तेवढं हसा, मी आयुष्यभर मशीनना तेल घालीन. फक्त परतीचं तिकीट तू तिकडून काढ. मी काढायला जातो तर प्रवासी 'एक' लिहिलं की त्याचं 'शून्य' होतं. स्वस्ताच्या भानगडीत पडू नकोस, सगळ्यात महागडं काढ. माझं पूर्ण नाव घाल, बाबांच्या नावासकट, आणि काढताना ते मोठ्याने उच्चार.

ता. क. दुसरा : नर्सबाई घरी पत्रं पाठवतात. त्यांच्या टपालात हे पाकीट सरकवतोय, म्हणजे टपाल-तिकिटाचा खर्चही वाचला. बाई स्वभावाने बऱ्या आहेत. आज सकाळी त्यांनी चहा केला आणि दोन कप भरले. दुसऱ्या कपाकडे बघत जराशा थांबल्या, स्वतःशीच हसल्या आणि तो मोरीत ओतून दिला. मावशी, तो कप ओठांना लावायला मिळाला असता ना, तर मी साठच्या साठ हजार मोजले असते. लवकर कर.